आधी चाळणी, मग पन्हळ

पन्हळीचा फोटो पाहिला. पत्रा सुबक वाकवलायस, कडा घासून घेतल्यास, खालचा लोखंडी स्टँडही दणकट दिसतो. आता दुप्पट ताकदीचा पंप बसवू का आणि चार फुटांची पन्हळ सहा फुटांची करू का, असं विचारलंयस. कारण मातीतलं बारीक सोनं वाहून जातंय असा तुला संशय आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो. पंप बदलू नकोस, पन्हळ वाढवू नकोस. पैसे मोडायचेच असतील तर चाळण्यांवर मोड.

आता तुझ्या संशयाचं बघू. नुसत्या संशयावर यंत्र बदलणारा माणूस आयुष्यभर यंत्रच बदलत बसतो. पन्हळीतून जे वाहून जातं ते आधी पकड. खाली मोठं घमेलं लाव, एका दिवसाचा सगळा गाळ साठव, वाळव आणि नीट कालव. त्याचा ढीग कर, वरून थोडा दाब आणि चार भाग पाड. समोरासमोरचे दोन भाग बाजूला सार, उरलेले दोन पुन्हा कालवून पुन्हा चार भाग कर. असं करत वाटीभर माती उरली की ती काळ्या परातीत अगदी सावकाश धू आणि जे पिवळं दिसेल ते भिंगातून बघ. कानशीचा जाडसर कीस सुटत असेल तर पन्हळीचा उतार किंवा पाणी चुकतंय. पिठासारखं बारीक सुटत असेल तर चूक पन्हळीच्या आधी कुठंतरी होतेय, आणि ती पंपानं भरून निघायची नाही.

याहून पक्की परीक्षा म्हणजे मोजून घातलेलं सोनं मोजून परत घेणं. किलोभर स्वच्छ वाळू 60 नंबरच्या चाळणीतून गाळून घे. 22 कॅरेटच्या तुकड्याचा कीस पाड, चुंबक फिरवून कानशीचं लोखंड काढ, 100 नंबरच्या चाळणीतून पडेल तेवढाच कीस घे आणि मिलिग्रॅमच्या काट्यावर 200 मिलिग्रॅम तोलून वाळूत कालव. ही वाळू पन्हळीतून सोड. हाती आलेलं वाळवून पुन्हा तोल. 180 आले तर पन्हळीला हात लावू नकोस. 120 आले तर पुढचं सगळं नीट वाच. मग एकेक गोष्ट बदल आणि दर बदलानंतर हीच परीक्षा घे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पावसानं पाठ फिरवली म्हणून गलाईच्या धंद्यात शिरली आणि केरळपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पोचली. सराफाच्या पेढीमागच्या बोळात भट्टी टाकायची, मोड गाळायची, चोख करून द्यायची. त्याच्या जोडीला कारागिरांच्या बाकाखालची माती विकत घ्यायची. त्याही आधीपासून सराफकट्ट्यातला केर आणि गटारातला गाळ धुणारे झारेकरी होते. त्यांच्याकडं लाकडी परात आणि हाताचा अंदाज, एवढंच भांडवल. नदीतलं सोनं धुणाऱ्याला फक्त वाळूशी झुंजायचं असतं. आपल्या मातीत मेण, केस, सुताचे धागे, पॉलिशच्या बफचा कापूस, कोळसा, सँडपेपरचे कण, करवतीच्या पात्यांचे तुकडे आणि कारागिरानं थुंकलेली सुपारीसुद्धा असते. म्हणून नदीवाल्यांची यंत्रं बघून तशीच्या तशी नक्कल केली की आपली फसगत होते.

म्हणून माती जाळल्याशिवाय पाण्यात घालायची नाही. मेणाचा किंवा तेलाचा हात लागलेला सोन्याचा कण भिजत नाही. तो पाण्यावर तरंगतो आणि डोळ्यांदेखत निघून जातो. लोखंडी तव्यात दोन बोटं जाडीचा थर पसर, मंद आचेवर ठेव आणि काळेपणा जाऊन राखाडी रंग येईपर्यंत जाळ. वरून ब्लोअर मारायचा नाही, फुंकायचं नाही, पंखा बंद. जळत्या कापसाच्या ठिणगीबरोबर बारीक सोनं उडतं. तव्यावर जाळीचं झाकण ठेवलं तर उत्तम. हे काम उघड्यावर कर, कारण त्या धुरात काय काय असतं याचा नेम नाही. प्लास्टिकच्या पिशव्या आधीच वेचून वेगळ्या धुऊन घे; त्या आगीत टाकू नकोस.

राख थंड झाली की चुंबक. चुंबकाला प्लास्टिकची पिशवी घाल, म्हणजे पिशवी उलटी काढली की लोखंड आपोआप सुटतं. पण लोखंडाचा कीस झुपक्यानं उठतो आणि त्या झुपक्यात सोन्याच्या पापड्या अडकून बसतात. म्हणून काढलेलं लोखंड कागदावर पसरून पुन्हा एकदा, आणि जमलं तर तिसऱ्यांदा उचल. कागदावर मागं जे उरतं ते बघितलंस की हा उद्योग का सांगितला ते कळेल. पॉलिशची लाल पूड मात्र चुंबकाला फारशी लागत नाही. तिची काळजी करू नकोस, ती इतकी बारीक असते की पहिल्या पाण्यातच निघून जाते. खरा त्रास सँडपेपरच्या कणांचा. ते वाळूपेक्षा जड असतात, टोकदार असतात आणि परातीच्या तळाशी सोन्याला चिकटून बसतात.

कुटताना हात आवर. खलबत्त्यात माती जितकी जास्त कुटशील तितकं सोनं चपटं होतं. दगड फुटतो, सोनं फुटत नाही, पसरतं. चपटा कण त्याच वजनाच्या गोल कणापेक्षा हळू बुडतो, आणि फारच पातळ झाला तर पाण्यावर होडी करून बसतो. म्हणून थोडं कुटायचं, गाळायचं, वर राहिलेलं पुन्हा थोडं कुटायचं. शेवटी चाळणीवर जे फुटायला तयारच नसतं ते टाकण्याआधी भिंग लाव; त्यात सोन्याचे पत्रे असतात.

आता मुख्य गोष्ट. चाळणी. चोख सोनं पाण्याच्या 19.3 पट जड. 22 कॅरेटचं साडेसतराच्या पुढं. साधी वाळू 2.65 पट, काळी लोखंडी रेती 5 च्या आसपास. एवढा फरक असताना सोनं निसटतंच कसं, असा प्रश्न कुणालाही पडेल. याचं उत्तर कणाच्या आकारात आहे. अगदी बारीक कण पाण्यात बुडतो तेव्हा त्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणं ठरतो. व्यास निम्मा झाला की बुडण्याचा वेग चौथाई होतो. त्यामुळं 20 मायक्रॉनचा सोन्याचा कण आणि 67 मायक्रॉनचा वाळूचा कण पाण्यात सारख्याच वेगानं खाली येतात, म्हणजे पाण्याच्या दृष्टीनं दोघांत काही फरकच नाही. याचा अर्थ बारीक मालात वाळूचा कण सोन्याच्या कणाच्या सव्वातीन पटींपेक्षा मोठा असला तर सोनं हरतं. जाड मालात ही सवलत दहा-अकरा पटींपर्यंत मिळते. म्हणून जाड सोनं कसंही धुतलं तरी हाती लागतं आणि बारीक सोन्याला चाळणी लागते. कुस्ती वजनगटात लावतात तशी माती आकारगटात लावायची. मग सोनं प्रत्येक गटात जिंकतं.

गट असे पाड: 30 नंबर, 60 नंबर, 100 नंबर, 200 नंबर. हा नंबर म्हणजे इंचाला किती भोकं. 30 चं भोक साधारण 600 मायक्रॉन, 60 चं 250, 100 चं 150, 200 चं 75. प्रत्येक पायरीवर आकार निम्म्याच्या आसपास येतो, सव्वातीन पटींच्या बराच आत. चार चाळण्यांचे पाच ढीग होतील. पाचही वेगवेगळे धुवायचे, आणि दर वेळी पाणी आणि उतार त्या ढिगाप्रमाणं बदलायचा. कंटाळवाणं आहे, खरंय. पण तुझ्या पन्हळीतून आज हे पाचही ढीग एकत्र जातात. जाड माल वाहावा म्हणून तू पाणी वाढवतोस आणि त्याच पाण्यात बारीक सोनं जातं. पंप मोठा केलास तर ते आणखी लवकर जाईल.

प्रयोगशाळेच्या पितळी चाळण्या महाग पडतात. त्यांची गरज नाही. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडं पॉलिस्टरची जाळी मीटरवर मिळते. सुताराकडून लाकडी चौकटी करून घे, जाळी ओली करून ताण आणि स्टेपलनं ठोक. एकच ध्यानात ठेव: त्या दुकानात जाळीचा नंबर बहुतेक वेळा सेंटिमीटरला किती धागे असा सांगतात. 40 म्हणाले तर आपल्या हिशेबानं इंचाला सुमारे 100, आणि 80 म्हणाले तर 200. विचारून घे, नाहीतर 100 समजून अडीचशेची जाळी घरी येईल आणि तिच्यातून पाणीसुद्धा धड उतरणार नाही. चाळायचं ओलं. कोरडी राख गोळे धरते, जाळी तुंबते आणि धूळ नाकात जाते. बादलीत चाळणी अर्धी बुडवून हलकेच हलव, वरून झारीनं पाणी सोड. कडेला जिथं जाळी लाकडाला भेटते तिथं मेण किंवा सिलिकॉन भर, नाहीतर त्या फटीतच सोनं जाऊन बसेल.

धुण्याआधी ढीग रात्रभर भिजव. पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एखादा थेंब टाक, म्हणजे पाण्याचा ताण सुटतो आणि तरंगणारं सोनं खाली जातं. थेंब म्हणजे थेंबच. फेस झाला की बुडबुड्यांना चिकटून बारीक कण वर येतात, आणि मग पाण्यानं बुडवलेलं सोनं फेस उचलून घेऊन जातो. आपल्याकडं दागिने रिठ्यात उकळून साफ करतात, म्हणून काहीजण मातीतही रिठ्याचं पाणी घालतात. दागिन्याला रिठा उत्तम, धुण्याला वाईट; त्याला फेस फार.

आता पन्हळ. तिच्या पोटात तू लोखंडी अँगलच्या आडव्या पट्ट्या लावल्यास ना, त्या काढ. त्या नदीतल्या गोट्यांसाठी असतात. पट्टीमागं पाणी गरगरतं, ते जाड सोनं धरून ठेवतं आणि बारीक सोन्याला उचलून देतं. त्यांच्या जागी गाडीत पायाखाली घालतात तसली बारीक खोबणीची रबरी चटई आडव्या खोबणी करून चिकटव. चटई नवी असेल तर वाळू आणि साबणानं घासून तिचा तेलकटपणा काढ. नव्या प्लास्टिकच्या परातीलाही हेच कर. आणि परात काळी किंवा गडद हिरवी घे, घरातली चकचकीत स्टीलची नको. तिच्यात पिवळा ठिपका दिसत नाही आणि तळही फार गुळगुळीत असतो.

पाण्याच्या थराचा हिशेब एकदा डोक्यात बसव, मग बाकीचं तुझं तुलाच सुचेल. 20 मायक्रॉनचा सोन्याचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम 4 मिलिमीटर बुडतो. तुझ्या पन्हळीत पाणी सेकंदाला 30 सेंटिमीटर वाहतंय असं धर. पाण्याचा थर 4 मिलिमीटर असेल तर वरचा कणही 1 सेकंदात, म्हणजे फूटभर जाईपर्यंत चटईला टेकतो. थर 4 सेंटिमीटर असेल तर त्याला 10 सेकंद लागतील आणि तोवर तो 3 मीटर पुढं गेलेला असेल. तुझी पन्हळ सव्वा मीटरची. सहा फुटांची केलीस तरी पुरायची नाही. लांबीनं जे साधत नाही ते थर पातळ केल्यानं साधतं. तेव्हा पन्हळ वाढवायचीच असेल तर रुंदीत वाढव, आणि तेवढंच पाणी त्या जास्त रुंदीवर पसर. वेग मोजायला कागदाचा कपटा सोड आणि मोबाईलवर सेकंद मोज. प्रत्यक्षात पाणी इतकं शिस्तीत वाहत नाही, म्हणून हिशेबापेक्षा थोडी जास्त जागा हाताशी ठेव.

उताराला सगळीकडं चालेल असा आकडा नाही. जाड मालाला फुटाला एक इंच ही जुनी चाल ठीक आहे. बारीक मालाला निम्म्यापासून सुरू कर. खोबणीतली काळी रेती हळूहळू हलत राहिली पाहिजे. घट्ट बसून दगड झाली तर उतार कमी पडतोय, आणि खोबणी साफ रिकाम्या दिसल्या तर जास्त झालाय. आडवी पातळी मात्र पाणसळ लावूनच बघ. आडव्यात थोडासा कल असला तरी पाणी एका कडेनं पळतं, दुसरी कड कोरडी राहते आणि अर्धी पन्हळ फुकट जाते. चटईचे तीन तुकडे कर आणि तिन्ही वेगवेगळ्या बादल्यांत धू. बहुतेक सोनं पहिल्या तुकड्यात, थोडं दुसऱ्यात आणि तिसऱ्यात नावालाच, असं असलं पाहिजे. तिसऱ्यात नीट दिसण्याइतकं सोनं सापडलं तर समज की तिसऱ्याच्या पुढंही गेलंय.

कूलरचा पंप तुला पुरे आहे. त्याचं पाणी थेट पन्हळीत सोडू नकोस. आपल्या गावाकडं दिवसभर व्होल्टेज वरखाली होतं, त्याबरोबर पंपाचं पाणीही वरखाली होतं आणि एका जोरदार लोटानं तासाभराचं साचलेलं निघून जातं. पंपाचं पाणी उंचावर टांगलेल्या बादलीत चढव. बादलीच्या गळ्याशी भोक पाडून जास्तीचं पाणी परत पिंपात सोड, आणि तळाच्या कॉकमधून पन्हळीला पाणी दे. बादली कायम त्या भोकापर्यंत भरलेली राहते, म्हणून कॉकचं पाणी दिवसभर एका धारेनं येतं. जरा जास्तीचा पाइप आणि एक कॉक, एवढाच खर्च. पण सगळ्या घरगुती सुधारणांत मी हिला सर्वांत वरचा नंबर देईन. पन्हळीच्या तोंडाशी भोकांचा आडवा पाइप आणि त्यापुढं स्पंजची पट्टी ठेव, म्हणजे पाणी रुंदीभर सारखं उतरतं. माती ओली करून चमच्यानं घाल, मूठ कधीच टाकू नकोस.

शेवटच्या हातभर लांबीत मात्र रबर नको, जुन्या घोंगडीचा तुकडा अंथर. आपल्या धनगरांची हातमागाची, खरखरीत, काळ्या लोकरीची. लोकरीच्या तंतूंत पिठासारखं सोनं जसं अडकतं तसं कुठल्याही विकतच्या चटईत अडकत नाही. हे ज्ञान फार जुनं आहे. काळ्या समुद्राकाठच्या कोल्खिस देशात डोंगरी ओढ्यांतलं सोनं मेंढीच्या लोकरी कातड्यांवर धरतात, असं स्ट्राबो या ग्रीक भूगोलकारानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. 1556 साली छापलेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामाच्या ग्रंथातही पन्हळीवर कापड अंथरून सोनं धरण्याच्या रीती दिल्या आहेत. घोंगडी आधी धुण्याच्या सोड्यात उकळ, म्हणजे लोकरीची चरबी जाईल. रोज संध्याकाळी बादलीत उलटी झटकून धुवायची. विरली की फेकायची नाही. वाळवून जाळायची आणि राख पुन्हा मातीत.

पन्हळीतून निघाल्यावर हाती येतं ते सोनं आणि काळी रेती यांचं मिश्रण. इथं बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते सगळं तसंच मुशीत ढकलतात. थोडं थांब. सपाट दगडाचा एक तक्ता कर. परदेशात यासाठी पाटीच्या दगडाचे तक्ते वापरतात. आपल्याकडं स्वयंपाकघराच्या ओट्याचा कडप्पा सगळीकडं मिळतो. घोटलेला पण पॉलिश न केलेला, दोन-अडीच फूट लांब तुकडा घे. खाली तीन स्क्रू लाव, म्हणजे उतार केसाच्या हिशेबानं जुळवता येतो. वरच्या कडेला ओलं फडकं अंथरून त्यावरून पाणी असं सोड की दगडावर मिलिमीटरभर जाडीचा अखंड पडदा राहील. कुठं कोरडा डाग दिसला तर तिथं तेलकटपणा आहे, साबणानं घास. आता एकाच चाळणीच्या गटातला माल चिमटीनं वरच्या कडेला ठेव. क्षणभर काहीच होत नाही. मग हलकी रेती सरकायला लागते, पाठोपाठ काळी रेती गोगलगायीच्या चालीनं निघते, आणि तिच्या मागं, जिथं ठेवलं तिथंच, पिवळी रेघ उघडी पडते. मऊ ब्रशनं रेतीला थोडं वर ढकल, म्हणजे तिच्याखाली दबलेलं सुटतं. सोनं सरकायला लागलं तर उतार कमी कर, पाणी वाढवू नकोस. दोन गट एकत्र ठेवलेस तर हा खेळ जमणारच नाही. जाड रेती तिथंच बसून राहील आणि तिला हलवायला जावं तर बारीक सोनं आधी जाईल. ऑनलाइन मिळणाऱ्या फिरत्या पाण्याच्या वाट्या आणि नागमोडी चक्रं वाईट नसतात, पण त्यांनाही चाळून गटात लावलेलाच माल लागतो. कडप्पा असेल तर त्यांच्यावाचून अडत नाही.

पाणी फिरवून वापरायचं तर पिंपं तीन ठेव. पन्हळीचं पाणी पहिल्यात, त्याच्या गळ्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, पंप तिसऱ्यात. राख आणि चिकणमातीनं पाणी घट्ट झालं की सोन्याचं बुडणं मंदावतं, म्हणून डाळीच्या पाण्यासारखं दिसायला लागलं की थांब. रात्री तिसऱ्या पिंपात तुरटी फिरव, सकाळी वरचं पाणी नितळ मिळतं. पण साबणाच्या पाण्यात तुरटी घातली की पांढरा चिकट गाळ धरतो, म्हणून साबण भिजवण्याच्या बादलीतच वापर आणि ते पाणी पिंपांत येऊ देऊ नकोस. तेजाबाच्या कामाचं पाणी तर या पिंपांच्या जवळही नको. त्यात विरघळलेलं सोनं असलं तरी ते कुठल्याही घोंगडीला अडकणार नाही आणि कुठल्याही कडप्प्यावर दिसणार नाही. ते काम वेगळं, जागा वेगळी, आणि घरात तर नाहीच.

मुशीत टाकतानाही बारीक सोनं जातं. कोरडी पूड मुशीत ओतून गॅसची ज्योत मारली की ज्योतीच्या झोतानंच पूड उडते. टाकणखार आणि पूड कागदात घट्ट पुडी करून ठेव, पुडी थोडी ओली कर, आणि सुरुवातीला आच लांबून दे. टाकणखार वितळून पुडीला कवेत घेतो, मग हवी तेवढी आच वाढव. चोख सोन्याला 1064 अंश लागतात. ओतून झाल्यावर काचेसारखा जो मळ उरतो तो कुटून परातीत धू. त्यात मोहरीहून बारीक गोळ्या सापडतात.

आता पाऱ्याबद्दल. कुणीतरी तुला सांगेलच की एवढा खटाटोप कशाला, मातीत पारा घोळव, सगळं बारीक सोनं गोळा होतं. होतं, हे खरं आहे. पण मग तो पारा उडवावा लागतो. पारा 357 अंशाला उकळतो. त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती भिंतीवर, कपड्यांवर, भांड्यांवर बसून राहते. आपल्या लोकांची भट्टी खाली आणि बिऱ्हाड माळ्यावर, अशी रीत. म्हणजे वाफ थेट पोरांच्या अंथरुणात. जपानच्या मिनामाता गावात पाऱ्याच्या विषानं माणसांची काय दशा झाली ते जगानं पाहिलं, आणि त्याच गावाच्या नावानं 2013 साली पाऱ्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. तो 2017 पासून लागू आहे आणि भारतानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. फिलिपिन्समधल्या बेंगेट प्रांतातले छोटे खाणवाले पाऱ्याशिवाय, नीट धुऊन घेतलेला माल थेट टाकणखारात वितळवून सोनं काढतात. आपला माल त्यांच्या मालापेक्षा स्वच्छ असतो, मग आपल्याला पाऱ्याचं नडलंय कशाला? दुकानात जुनी बाटली असेल तर गटारात ओतू नकोस. बूच घट्ट लाव, वर टेप गुंडाळ, आणि घातक कचरा रीतसर घेणाऱ्याच्या हवाली कर.

कुठं थांबायचं तेही सांगतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे 100 मायक्रॉनचे सोन्याचे चौकोनी कण धरले तर एका ग्रॅमला साधारण 52 हजार लागतात. 20 मायक्रॉनचे धरले तर एका ग्रॅमला 65 लाख. त्याच्या खालच्या कणांमागं परात घेऊन लागण्यात दिवस जातो आणि हाती काही येत नाही. 200 च्या चाळणीखालचा ढीग कडप्प्यावरून एकदा काढ, पिवळी रेघ मिळेल तेवढी घे आणि बाकीचं सोड. सोड म्हणजे टाक नव्हे. तो ढीग, तिन्ही पिंपांचा तळ, हात धुतल्याचं पाणी निवळून उरलेला गाळ, झाडू, फडकी, जुनी चटई, सगळं वाळवून आणि जाळून पोत्यात भर. मोठी रिफायनरी ती अख्खी राख वितळवून त्यातलं सोनं काढते. तिच्या भट्टीला कणाचा आकार विचारावा लागत नाही. पोतं विकताना राख नीट कालवून दोन नमुने घे, एक तुझ्याकडं सील करून ठेव, एकाचा टंच काढून घे, आणि टंचाचा कागद हातात आल्यावरच दर बोल.